गिरणीचा दगड आणि डावा बूट

पेंटरच्या घराण्यात साधं मरण कुणाला आलंच नव्हतं. त्याचे आजोबा गेले ते हसून. पोस्टमनने दारात उभ्या उभ्या एक विनोद सांगितला, तर आजोबा सोमवारी हसायला लागले ते बुधवारी दुपारीच थांबले, आणि थांबले ते कायमचेच. वडिलांनी पैजेवर गिरणीचा दगड एकट्याने डोक्यावर उचलला, जपून खाली ठेवला, हात झटकले, “अजून काही आहे का?” म्हणून विचारलं आणि मगच प्राण सोडला. काका तर कुणा अनोळखी बाईची स्टॉपवर विसरलेली छत्री द्यायला बसच्या मागे अकरा मैल पळाले. छत्री दिली, बाईंचं “आभारी आहे” नीट ऐकून घेतलं, आणि रस्त्यावर आडवे झाले.

हे सगळं आत्याने सांगितलेलं. आत्या म्हणजे पेंटरच्या वडिलांची थोरली बहीण, वय ऐंशी, जीभ विशीतली.

पेंटर स्वतः सत्तेचाळीसचा. शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नव्या ठेकेदाराने उंचीवरच्या कामासाठी डॉक्टरचा दाखला मागितला, म्हणून तो बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, भुवई उचलली, पुन्हा लावली. मग हृदयाचा इको झाला, मग स्कॅन. आठवड्याने दोघांना समोर बसवून त्या म्हणाल्या, “हृदयाच्या एका झडपेला तीन पाकळ्या असतात. यांना जन्मापासून दोनच आहेत. आजवर भागलं. पण तिथून निघणारी मोठी रक्तवाहिनी आता फुगायला लागलीय.”

पेंटरची बायको टेलर. तिला लगेच कळलं. शिवणीपाशी कापड ताणलंय.

“फाटेल?” तिने विचारलं.

“तेच ठरवायचंय. आत्ताच्या मापाला आम्ही सहसा सहा महिने थांबून पुन्हा बघतो. पण घरात कुणी असं अचानक गेलं असेल, तर थांबायचं नाही. ऑपरेशन याच महिन्यात. तर सांगा, कोण कसं गेलं?”

पेंटर खुर्चीत सावरून बसला आणि त्याने हसणं, दगड, छत्री, सगळं रंगवून सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं पेन फॉर्मवर तसंच उभं राहिलं.

“हे मी कुठल्या रकान्यात लिहू?”

“शौर्य असा रकाना नाही का?” पेंटर म्हणाला.

घरी येताना तो खुशीत होता. “बघितलंस? आमच्याकडे आजाराने कुणी गेलेलंच नाही. सहा महिन्यांनी बघू.” दुसऱ्या दिवशी टेलरबाईने टेप गळ्यात टाकला आणि आत्याचं घर गाठलं.

“कोट शिवते तुम्हाला. उभ्या राहा.”

“अगं सूनबाई, या वयात मला कोट? मी काय मोहिमेवर निघालेय?”

पण उभी राहिली. टेलरबाईचा अनुभव असा, की मापाला उभं राहिलेलं माणूस फार वेळ बनवाबनवी करू शकत नाही. हात पसरलेले, तोंड भिंतीकडे, टेप अंगाभोवती. एका बँक मॅनेजरने तर छातीपासून कंबरेपर्यंत येता येता आपली दोन लफडी कबूल केली होती.

“आत्या, मामंजींनी उचलला तो दगड केवढा होता?”

“हा एवढा!” आत्याने हात आणखी ताणले.

“मागच्या वर्षी खुर्चीएवढा होता. लग्नात सांगितलात तेव्हा परातीएवढा. मापं जुळत नाहीत.” तिने टेप छातीभोवती आणला. “यांच्या हृदयाच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या निघाल्यात. कापायचं की थांबायचं, ते तुमच्या उत्तरावर आहे. इथे चुकलं तर उसवून पुन्हा शिवता येणार नाही, आत्या.”

आत्याचे हात हळूहळू खाली आले.

“दगड नव्हता,” ती म्हणाली. “माझा भाऊ कामावर निघाला होता. उजवा बूट घातला होता, डावा हातात. पाठीत काहीतरी फाटलं म्हणाला आणि तसाच कलंडला. अडतीस वर्षांचा.”

“मग दगड कुठून आणलात?”

“तुझा नवरा सात वर्षांचा होता. त्याने बघितलं सगळं. त्यानंतर बूट घालेना. दोन महिने अनवाणी शाळेत गेला, पावलं फुटली. बूट घातला की माणूस मरतं, असं बसलं डोक्यात. मी काय करू? म्हटलं, तुला जे दिसलं बाळा, ते आदल्या दिवशीच्या दगडामुळे. दगड नाही उचलला की झालं. दुसऱ्या दिवशी बूट घालून गेला.”

“आणि आजेसासरे?”

“दाढी करताना. अर्धी झाली होती. त्यांनाही पाठीतच, पन्नाशीही गाठली नव्हती. पण एकट्या भावालाच एवढं मोठं मरण दिलं असतं, तर बाबांना काय वाटलं असतं? म्हणून त्यांना हसू दिलं.”

“काका?”

“तो पळाला होता खरंच. कोपऱ्यापर्यंत. तिथेच पाठ धरून कोसळला, पंचेचाळिशीत. छत्री त्याचीच होती.” आत्याने नाक पुसलं. “बाही जरा लांब ठेव. मला थंडी वाजते.”

टेलरबाईने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला. आजोबा, दाढी. वडील, बूट. काका, छत्री. तिघेही पन्नाशीच्या आत, तिघांच्याही पाठीत. पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. “गुरुवारी दाखल व्हा. हे घराण्यातून येतं, तुमच्या मुलीचाही इको करून घेऊ. आणि आत्यांचाही.”

“माझ्या पाकळ्या दोन असोत की तीन,” आत्या मागून ओरडली, “ऐंशी वर्षं वाजतंय ना छातीतलं दार!”

संध्याकाळी टेलरबाईने नवऱ्याला सगळं सांगितलं, काही न वगळता. तो ब्रश धूत होता. धूतच राहिला.

“दगड नव्हताच?” शेवटी त्याने विचारलं.

“नव्हता.”

“मला वाटायचंच, एकदा स्वप्नात बूट दिसला होता,” तो म्हणाला आणि जेवायला बसला. जेवला मात्र अर्धंच.

गुरुवारी सकाळी पिशवी भरली, मुलीने खालून रिक्षा आल्याचं सांगितलं. पेंटर पलंगाच्या कडेला बसला होता. उजवा बूट पायात, डावा हातात. हलेना.

“चपला घाला,” टेलरबाई म्हणाली. “दवाखान्यात काढायच्याच आहेत.”

“नको. तू बाहेर हो जरा.”

ती बाहेर गेली. दार लोटलं आणि पिशवी छातीशी धरून उभी राहिली. खालून रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. आत काहीच वाजत नव्हतं. हात दाराकडे जायचा, ती मागे घ्यायची.

मग टाच जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने नाडी ओढल्याचा.

“अगं,” आतून पेंटर म्हणाला, “आत्याला सांग, माझी गोष्ट सांगताना दगड जरा बेताचाच ठेव. मला परत येऊन खरं सांगायचंय.”