पाचव्या घरचा जोगवा

मी धनीबाईच्या घरची परडी बोलतेय. ज्या नवसापायी मी या घरात आले, तो आधी सांगते.

धनीबाईची एकुलती लेक चतुरा दोन वर्षांची असताना तापाने फणफणली. तीन दिवस पोरीने डोळे उघडले नाहीत. धनीबाईने माहूरच्या दिशेला पदर पसरला. "रेणुकामाय, पोर वाचव. दर मंगळवारी पाच घरचा जोगवा मागीन. अन् पोर बारा वर्षांची झाली का परडी तिच्या हाती देईन."

पोर वाचली. धनीबाईने रिसोडच्या बाजारात बुरडाकडून मला घेतले, शेणाने सारवले, हळदीकुंकू लावले. मी देवीची झाले.

दहा वर्षं ती मला घेऊन अनवाणी दारोदार उभी राहिली. "जोगवा वाढा, माय." कोणी मूठभर पीठ घाली, कोणी चिमूटभर. गल्लीतली अमीनाबी तर आधी हात धुऊन यायची, मगच घालायची. त्या पिठाची भाकर देवीपुढे जाई.

सत्तावन्न सालच्या नवरात्रातल्या मंगळवारी धनीबाईने मला शाळेतून आलेल्या लेकीपुढे धरले. "घे बाई."

"मी नाही धरत, माय."

"काहून? तुह्यासाठीच तं नवस बोलली मी."

"तू बोलली. मी तापात पडली होती. मले कोणी इचारलं?"

शेजारची रुखमाबाई ओट्यावरून म्हणाली, "धनीबाई, आता देवीलेच शाळेत घाल. मंग पटन तुह्या लेकीले."

धनीबाई हसली नाही. नवस मोडला तर दिलेली पोर देवी परत नेईल, हीच तिची धास्ती. "तुले काही झालं तं?" ती कशीबशी म्हणाली.

"मंग भिऊन धरू का? भिऊन धरलेलं देवीले चालते?"

धनीबाई मला घेऊन एकटीच निघाली. या बोलण्यात उशीर झाला होता. चार घरे झाली. अमीनाबी लग्नाला कारंज्याला गेलेली, तिच्या दाराला कुलूप. बाकी गल्ली देवळात आरतीला. दिवे लागल्यावर जोगवा मागत नाहीत. चार मुठी घेऊन ती जड पावलांनी घरी वळली.

दारात चतुरा उभी होती. हात ओले, मुठीत पीठ.

"पाचवं घर हे धर."

"आपल्याच घरी कोणी जोगवा मागते का, येडे?"

"परडी मी धरत नाही, माय. पण तुहा जोगवा अधुरा नाही ठेवत."

धनीबाई उंबऱ्याबाहेरच थांबली. मग तिने मला पुढे केले आणि पोटच्या पोरीला म्हणाली, "जोगवा वाढा, माय."

भाकर देवीपुढे ठेवून तिने हात जोडले. "पोरीच्या नावानं मी बोलली, ते चुकलं. परडी माही. तिची मूठ तेवढी गोड मान."

त्याला दोन वर्षं झाली. चतुरा धडधाकट आहे, शिरपूरच्या शाळेत जाते. पाचवी मूठ तिचीच असते. माझी एक कामटी तुटली आहे, धनीबाईने तिथे चिंधी बांधली आहे. तिच्यामागे मला कोण धरील, ठाऊक नाही. पण मंगळवारी चतुरा न सांगता हात धुते, ते मी खुंटीवरून पाहते.

बायांनो, नवस जरूर बोला, पण आपल्या नावाने बोला. लेकरांना आपली भक्ती दिसू द्या. परडी मात्र त्यांच्या हाती कोंबू नका. आणि कधी ती आपणहून मूठ घेऊन दारात उभी राहिली, तर धनीबाईसारखे उंबऱ्याबाहेर थांबा आणि परडी पुढे करा.