वळणावर बंद पडणारी गाडी

मित्रांनो, नान गावच्या बुद्धमंदिरामागे उभी असलेली जुनी पांढरी पिकअप म्हणजे मी.

माझ्या मालकीण कंजनाताई घाटातल्या अपघातांत मरण पावलेल्यांना घरी पोहोचवत. पगार नव्हता, पुण्याचं काम होतं. मी नवी असतानाच त्यांनी बाहेरच्या गॅरेजात माझ्या हौदात स्ट्रेचरची चौकट बसवली, टपावर दिवा आणि भोंगा लावला. लोक मला पाहून हात जोडत.

मग ते सुरू झालं. घाटातल्या बांबूच्या वळणावर, भर दुपारीही, माझं इंजिन गप्पकन बंद पडे आणि मागचा फाळका आपोआप उघडे.

मला बनवणाऱ्या कंपनीचे वीरायुतसाहेब म्हणाले, "बाहेरचं काम करून घेतलंत ना? वॉरंटी गेली."

"फाळक्याला तारच नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "मग मी लावलेल्या दिव्याने तो उघडला कसा? दोष त्याचाच आहे, असं लेखी द्या!"

त्यांनी दिलं नाही. मी पाच महिने धूळ खात उभी राहिले. त्या दिवसांत घाटात अपघातात गेलेला एक म्हातारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत रस्त्यावरच पडून राहिला. ते ऐकून ताई ग्राहक तक्रार कचेरीत गेल्या. निकाल आला : सगळं बाहेरचं काढा आणि ताई आणि कंपनी, दोघांसमोर गाडी चालवून बघा.

चौकट, दिवा, भोंगा उतरवले. साहेब शेजारी बसले.

"गाडी बंद पडते, की तुम्हीच पाडता?" ते हसले.

वळण आलं. इंजिन थांबलं. फाळका उघडला. वारा नव्हता, तरी माझा हौद हळूच खाली दबला, एकदा, मग पुन्हा एकदा.

साहेबांनी मागे पाहिलं नाही. "ताई... मागे कोण चढलं?"

"बसू द्या. गावापर्यंत सोडू."

मी आपसूक सुरू झाले. मंदिरापाशी हौद हलका झाला. साहेबांनी तिथेच लिहून दिलं : दोष बाहेरच्या कामामुळे नाही.

मला वॉरंटीत नवं इंजिन मिळालं, फाळक्याला नवी कडी मिळाली. आता मी त्या वळणावर थांबत नाही. पहिल्या दिवशी तशीच पुढे गेले, तेव्हा मागे कितीतरी वेळ कुणीतरी धावत असल्याचा आवाज येत होता. ताईंनीही तो ऐकला.

तेव्हापासून त्या स्वतः ब्रेक दाबतात, उतरून फाळका उघडतात आणि हौद दबेपर्यंत उभ्या राहतात.

मित्रांनो, गाडी बिघडली तर जरूर दुरुस्त करा, हक्कासाठी भांडा. पण ती एखाद्या जागी उगाच थांबली, तर तिला शिव्या देण्याआधी खाली उतरा. थोडा वेळ वाट पाहा.