डिंगोऱ्याची डॉक्टरीणबाई

डिंगोऱ्यात स्नेहलला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, आणि ती डॉक्टर नव्हती. किर्गिझस्तानातून डॉक्टरकीची डिग्री आणली होती, पण इथल्या लायसन्सच्या परीक्षेत ती तीनदा आपटली. बाप चांगदेवाने मात्र पहिल्याच निकालाला, कुणी विचारायच्या आत, पारावर सांगून टाकलं की पोरगी पास झाली. काय म्हणावं या माणसाला! दुसऱ्या दिवसापासून घराच्या ओट्यावर रांग. कुणाचा खोकला, कुणाचे गुडघे. नाही म्हणावं तर बिंग फुटणार, म्हणून ती गोळ्या देत राहिली.

पुण्याच्या क्लासचे सर बजावून सांगत, कॉलेज सोडून जितकी वर्षं जातील तितकी आशा कमी. सराव परीक्षेत जेवढे मार्क पडतात तेवढेच खऱ्या पेपरात पडतात, आणि सलग बसल्याशिवाय ते वाढत नाहीत. स्नेहलला सलग बसू देतंय कोण? यंदाची सराव परीक्षाही वाईट गेली. पेपर आठवड्यावर आलेला. पुस्तक उघडलं की तिला नुसतं रडू यायचं.

त्या सकाळी शेजारच्या इंद्रायणीकाकू नवऱ्याला धरून घेऊन आल्या. रामदासकाकांना दरदरून घाम फुटला होता, छाती आवळून आली होती, डावा हात दुखत होता.

"पित्त झालंय. एक सुई मार बाई, लई गुण हाय तुझ्या हाताला."

"काकू, हे हृदयाचं दुखणं आहे. आत्ताच्या आत्ता जुन्नरला न्या."

"तू असताना जुन्नर कशाला?" म्हणत काकूंनी नवऱ्याला ओट्यावर बसवलंच. काकाही हलेनात.

स्नेहलने बापाकडे पाहिलं. तो मागे उभा राहून मान हलवत होता, नको म्हणून.

"मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "नापास झालेय, तीनदा. माझ्या भरवशावर बसलात तर काका जातील. उठा."

शेजारच्या पप्पूने जीप काढली, रांगेतल्या दोघांनी काकांना उचलून आत घातलं. काकू चढता चढता वळल्या.

"मग इतके दिस आमाला गोळ्या कशाच्या देत व्हतीस गं?"

दुपारी पप्पूचा फोन आला. काका वाचले होते. काकूंचा निरोप काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर एकटा चांगदेव बसला होता. परगावची एक बाई लेकराला घेऊन आली. "डॉक्टरीण न्हाई इथं," तो तिला म्हणाला. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. घरात स्नेहलला हवी होती तशी शांतता होती, पुस्तक उघडं होतं, आणि एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.