चाळीसचं माप

ज्याला भूक लागते तो माणूस ठणठणीत, असं या घराण्यात तीन पिढ्या मानत आल्या आहेत. तीन पिढ्यांत डॉक्टर मात्र एकही झालेला नाही.

त्यामुळे धाकट्या भावाने शनिवार-रविवारात पाच नातेवाइकांकडे हजेरी लावली आणि प्रत्येक घरी मागून घेऊन जेवला, तेव्हा सगळे खूश झाले. शेवटचं घर थोरल्या बहिणीचं. तिथे तळलेल्या माशांवर त्याने असा ताव मारला की ताई पदर खोचून पुन्हा कढईशी गेली.

जेवणं झाल्यावर तिने टेप काढली. घरातल्या प्रत्येकाला ती स्वेटर विणून देते. यंदा पाळी त्याची होती.

"जुनंच माप धर ना, ताई."

"गप रे. पोट सुटलं असेल तुझं."

कोटाखाली दोन शर्ट निघाले. नेहमीची चाळीस इंच छाती चौतीस भरली. तिने टेप उलटी धरून पाहिली, पुन्हा मोजलं.

"खाल्लेलं अंगी लागत नाही," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत. म्हटलं, सगळ्यांना भेटून घ्यावं."

"आणि मला आत्ता सांगतोयस?"

"आधी सांगितलं असतं तर मासे कुणी तळले असते?"

ती हसली नाही. नाक पुसून तिने सुया घेतल्या आणि त्याच्यासमोरच चाळीसच्या मापाचे टाके घालायला सुरुवात केली.

"सैल होईल गं."

"होऊ दे. भरशील."

एक स्वेटर विणायला ताईला चार महिने लागतात.