दयाराम वॉलमनचं प्रेशर

डोणगावच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. तिथं नळाला पाणी सोडायचं काम एकतीस वर्षांपासून दयारामकडे. वय चौसष्ट. खांद्यावर वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी, कमरेला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या खोचलेल्या. पाइप गळाला की ट्यूब गुंडाळायची, करकचून गाठ मारायची आणि पुढं निघायचं. खालच्या आळीला चावीचे चार फेरे, वरच्या आळीला अडीच. यात कधी बदल नाही.

त्या वर्षी गावाच्या उपकेंद्रात तपासणी शिबिर झालं. उपकेंद्राची नर्स मंजुश्री ही दयारामच्या शेजारच्या घरची पोरगी, बुलढाण्याला शिकून आलेली. तिनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला. पुन्हा भरली, पुन्हा पाहिला.

"काका, प्रेशर लय वाढलं तुमचं. एकशे चौऱ्यांशी."

दयारामचा चेहरा फुलला. एकतीस वर्षं त्यानं प्रेशर वाढावं म्हणूनच जिवाचं रान केलं होतं. नळाला दाब नाही ही तक्रार ऐकून त्याचे कान किटले होते. दाब जास्त झाला अशी तक्रार घेऊन आजवर एक माणूस त्याच्याकडे आला नव्हता.

शिबिरातल्या डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. मीठ, पापड, लोणचं कमी करायला सांगितलं. दयारामनं मान हलवली, गोळ्या घेतल्या आणि पंपघरात स्टार्टरच्या मागं ठेवून दिल्या. तिथून तो थेट कचरूच्या चहाच्या हॉटेलात गेला. बाकावर शिबिरातूनच आलेले हिंमतराव बसले होते.

"हिंमतराव, तुमचं किती निंगालं?"

"एकशे अठ्ठावीस. नर्सबाई म्हणे, झकास हाय."

"मन राखाले म्हणत असन. इतल्याशा प्रेशरवर तुमचं रगत गुडघ्यापर्यंतच जात असन. मायं एकशे चौऱ्यांशी. शेवटच्या आळीले पोहोचते." दयारामनं चप्पल काढून पायाचा अंगठा हलवून दाखवला.

हिंमतरावांचा चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी ते उपकेंद्रात जाऊन प्रेशर वाढवायची गोळी मागून आले, असं गावात अजून सांगतात.

गोष्ट सरपंच गुलाबरावांच्या कानावर गेली. त्यांनी दयारामला बोलावलं.

"दयाराम, टाकीच्या बेचाळीस पायऱ्या तू रोज चढतं. वरून भोवळ येऊन पडला तं मी तुया बायकोले, भिमाबाईले, काय तोंड दाखवू? महिन्याभरात डॉक्टरांची सही आण, का हा माणूस चढाले फिट हाय. नाई तं चावी हिंमतरावच्या पुतण्याले देतो."

दयारामनं खांद्यावरची चावी घट्ट धरली. तो तडक उपकेंद्रात गेला.

"एकशेचाळीसच्या खाली आलं का सही द्या म्हणून मी डॉक्टरांले सांगीन," मंजुश्री म्हणाली. "आत्ता नाई."

"पण बाई, तू चांगलं प्रेशर कमी काऊन करून राह्यली? माया अंदर पंप हाय का नाई?"

"हाय ना. हृदय. मुठीएवढं. मिनटात अंगातलं सारं रगत एकदा फिरवून आणते."

"अन् लाईट कोठून येते त्याले?"

"त्याची लाईट त्याच्याच अंदर तयार होते. म्हणून रातदिवस चालते."

"लोडशेडिंग नाई?" दयारामला आपल्या छातीचा अभिमान वाटला. "अन् फिल्टर?"

"दोन किडन्या. दिवसाकाठी एकशेऐंशी लिटर गाळतात. त्यातलं बहुतेक पाणी परत रगतात सोडतात, दीड-दोन लिटर तेवढं बाहीर."

एकशेऐंशी लिटर म्हणजे जवळजवळ एक ड्रम. दयारामनं स्वतःच्या कमरेकडे खाली-वर पाहिलं. एवढ्याशा जागेत ड्रमभर गाळून परत टाकीत चढवायचं, आणि बिलिचिंग पावडरचा एक चमचा नाही. मंजुश्री पुढं सांगत होती. फुप्फुस हवा आत घेते आणि रक्ताला प्राणवायू देते. भाकर पोटात आणि आतड्यात विरघळते. तिचं सत्त्वही तेच रक्त घरोघर पोहोचवतं आणि येताना सांडपाणी उचलून आणतं.

"म्हंजे नळ योजना अन् नाली, दोनी कामं एकच माणूस करते," दयाराम म्हणाला. "इतलं सारं चालवाले तं प्रेशर पायजेच. तू पुस्तकातून शिकली बाई, पाइपातून नाई शिकली."

असं म्हणून तो चावी खांद्यावर टाकून निघून गेला.

मुदतीच्या बाराव्या दिवशी सकाळी वरच्या आळीत जनकाबाई रिकामी घागर घेऊन रस्त्यातच उभी होती. मागं सात-आठ बाया.

"काहो दयारामभाऊ, गावभर सांगत फिरता का मायं प्रेशर एकशे चौऱ्यांशी. मंग माया नळाले करंगळीएवढी धार काऊन? सारं प्रेशर सोतासाठीच ठेवलं का?"

बाया फिदीफिदी हसल्या. दयाराम आल्या पावली वळला. पंपघराजवळ आला, खालच्या आळीचा वॉल पूर्ण बंद केला आणि एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. वरच्या आळीची चावी अडीचवर थांबवली नाही. तीन, चार, सहा, जिथं वॉल संपतो तिथपर्यंत फिरवली.

पाच मिनिटांत त्या आळीचा पाइप जातो तिथं, उपकेंद्रासमोर, जमीन फुगली आणि पाण्याचा खांब आभाळात गेला. मंजुश्रीची स्कुटी, वाळत घातलेल्या चादरी, सगळं चिंब. दयारामनं धावत जाऊन पंप बंद केला, कुदळ घेतली आणि खड्ड्यात उतरला. पाइप अशा जागी चिरला होता की ट्यूबच्या पट्ट्यांचं काम नव्हतं. चिरलेल्याच्या पुढचा तुकडा त्यानं कापून बाहेर काढला आणि डोळ्याला लावून आरपार पाहिलं.

आत चारी बाजूंनी पांढऱ्या खाराचा थर चढला होता. तीन इंची पाइपात अंगठा जाईल एवढंच भोक उरलं होतं.

मंजुश्री पदर पिळत खड्ड्याच्या काठावर आली. रागवायच्या तयारीत होती, पण दयारामचा चेहरा पाहून थांबली.

"काय झालं, काका?"

"वर पाणी पुरत नव्हतं, म्हणून दाब वाढवला," तो हळू म्हणाला. "पाइपच अंदरून आवळला होता. माहीत असतं तं अडीचच्या वर गेलो नसतो." त्यानं त्या तुकड्यातून तिच्याकडे पाहिलं. "माया रगताचा पाइपही असाच असन का?"

"मी कुठं उघडून पाह्यला? पण चौसष्ट वर्षाचा हाय."

"अन् कुठी फुटन?"

मंजुश्रीनं बोट कपाळाला लावलं. "इथी फुटलं तं सायकलची ट्यूब गुंडाळता येत नाई, काका. अन् फुटलं नाई तरी फिल्टर खराब होते, पंप थकते. आवाज न करता."

त्या संध्याकाळी स्टार्टरच्या मागून गोळ्या घरी आल्या. दुसऱ्या दिवसापासून नेम पडला. सकाळी सहाला पहिला वॉल उघडायच्या आधी एक गोळी. ग्रामपंचायतीनं वरच्या आळीचा पाइप बदलला, तोवर दयाराम तिथं दोनच फेरे द्यायचा आणि जनकाबाईचे टोमणे मुकाट्यानं ऐकायचा.

महिना भरला. मंजुश्रीनं पट्टा बांधला. एकशे छत्तीस. डॉक्टरांची सही झाली, चावी खांद्यावर राहिली. कचरूच्या हॉटेलात दयारामनं हिंमतरावांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

"तुमच्यापेक्षा आठनं मांगं हाव मी," तो म्हणाला. "म्हंजे तुम्ही पुढं आहा."

घरी येऊन भिमाबाईला त्यानं ऐटीत कागद दाखवला. "पाह्य. अठरा दिवसाच्या गोळीनं अठ्ठेचाळीसनं उतरलं. डॉक्टरही चकित झाला."

भिमाबाई भाकर थापत होती. "गोळीनंच उतरलं का सारं?"

"मंग कशानं?"

"शिबिराच्या दिवसापासून भाजीत निमं मीठ टाकून राह्यली मी. लोणच्याची बरणी जनकाबाईच्या घरी हाय. तुम्ही रोज म्हणत होते, मीठ फिकं आलं या खेपेले दुकानात."

दयारामनं कोपऱ्यात उभ्या केलेल्या लोखंडी चावीकडे पाहिलं, मग मिठाच्या डब्याकडे. भाजीचा घास घेतला. फिकीच होती. पण या खेपेला दुकानाला दोष न देता त्यानं दुसरा घास घेतला.