खालच्या पायरीवरचा पिवळा

घाबरू नका मित्रांनो, मी पडणार नाही. जुनी झाले असले तरी माझ्या बिजागऱ्या अजून घट्ट आहेत. मी चार पायऱ्यांची, घडीची लाकडी शिडी. आता माझ्यावर माणसं चढत नाहीत, फुलांच्या कुंड्या बसतात. पण माझा जन्म काही फुलांसाठी झाला नव्हता.

एका सुताराने मला एका तरुण रंगाऱ्यासाठी बनवलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि माझं पहिलं काम होतं त्या दोघांची एकुलती एक खोली रंगवण्याचं. पिवळा रंग नव्या नवरीने, म्हणजे आमच्या बाईंनी, निवडला होता. त्या खाली डबा धरून उभ्या, मालक माझ्यावर, आणि मालकांचं लक्ष भिंतीपेक्षा खालीच जास्त! व्हायचं तेच झालं. ब्रशवरचा रंग ओघळला आणि माझ्या सगळ्यांत खालच्या पायरीवर चांगला तळहाताएवढा पसरला. मालक फडकं घेऊन धावले, तर बाई म्हणाल्या, ''राहू द्या हो. आपला पहिला रंग आहे.''

पुढे मी मालकांबरोबर गल्लोगल्ली हिंडले. मालकांचं काम मोठं सफाईदार, पण थेंब सांडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळ्यांत वरच्या पायरीवर दवाखान्याचा पांढरा सांडला, तिच्याखाली बेकरीच्या दाराचा विटकरी, तिच्याखाली शाळेचा निळा. पांढरा सांडला त्या दिवशी दवाखान्यातली मोठी नर्स भिंतीकडे बघून म्हणाली होती की इथे आता रोग्यांनाही बरं वाटेल. मालकांनी ते घरी येऊन तीनदा सांगितलं. मीही तेव्हा जरा ताठच उभी राहायचे.

मग मालकांचे गुडघे कुरकुरू लागले. काम सुटलं आणि माझी रवानगी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटला. मालकांची लेक एकदा म्हणाली की ही अडगळ भंगारात देऊन टाकू. पण बाईंनी ऐकलं नाही.

बाईंना बागेचा भारी नाद. उन्हाळाभर त्यांच्या अंगणात काही ना काही फुललेलं असायचं, पण त्यांचा खरा जीव पानगळीच्या दिवसांवर. शेजारपाजारचे लोक बागा आवरायला घेत, तेव्हा बाईंची शेवंती कुठे कळ्या धरत असे. अशाच एका वर्षी त्यांनी मला शेडमधून ओढून काढलं, पुसलं आणि दाराशी उभं करून माझ्या पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या. पायाशी भोपळे ठेवले, मक्याची वाळकी कणसं बांधली, तांबूस पानं पसरली. येणारे-जाणारे थबकून बघू लागले. मालक मात्र म्हणाले, शिडी चढायची असते, मिरवायची नसते. म्हणाले खरे, पण संध्याकाळी खुर्ची ओढून माझ्यासमोरच बसले. तेव्हापासून दर वर्षी हाच थाट.

एक गोष्ट मात्र फक्त बाईंना आणि मलाच ठाऊक होती. दवाखान्याच्या डागाशेजारी त्या पांढरी शेवंती ठेवायच्या, बेकरीच्या डागाशेजारी विटकरी. शाळेशेजारी जांभळे अ‍ॅस्टर आणि खाली, आपल्या खोलीशेजारी, पिवळी शेवंती. डाग झाकला जाऊ नये म्हणून कुंडी जराशी सरकवायच्या. लोक फुलं बघायचे. बाई नवऱ्याचं अख्खं आयुष्य बघायच्या.

गेल्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली आणि बाई बागेतल्या नळापाशी घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण बाई खचल्या. लेक मुक्कामाला आली होती. दवाखान्यातून आली की सांगायची, आई दोन घाससुद्धा जेवत नाही, डोळे मिटून पडून असते, फक्त शेवंती उमलली का तेवढं विचारते. मालक ऐकून घ्यायचे आणि उठून अंगणात जायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, ती घरी येईल तेव्हा दारात सगळा थाट तयार पाहिजे.

त्यांनी मला बाहेर काढलं. आधी मला आनंद झाला. मग त्यांनी माझ्याकडे रंगाऱ्याच्या नजरेने पाहिलं. हातात खरवडणी आली, पॉलिश पेपर आला. दवाखाना गेला. बेकरी गेली. शाळा गेली. अहो, थांबा की, असं मला ओरडून सांगायचं होतं, पण शिडीला तोंड कुठलं? एवढ्या प्रेमाने कुणी कुणाचं वाटोळं केलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. वरून खाली पांढराशुभ्र रंग देत ते शेवटच्या पायरीपर्यंत आले आणि तिथे गुडघ्यांनी संप पुकारला. ते मटकन खाली बसले, ते लेकीने हात देईपर्यंत उठलेच नाहीत. राहिलेली पायरी त्यांनी वाळक्या पानांनी झाकून टाकली आणि वरच्या पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या.

बाई चाकांच्या खुर्चीतून घरी आल्या. मालकांनी खुर्ची माझ्यासमोर आणली आणि वाट बघत राहिले. बाई वरपासून बघत आल्या.

''अहो,'' त्या हळूच म्हणाल्या, ''शाळा कुठे गेली?''

मालकांना काही कळेना. मग बाईंनी त्यांना एकेक डाग सांगितला, एकेक कुंडीची जागा सांगितली. मालकांचा चेहरा उतरला. ज्या हातांनी रंग दिला ते हात कुठे लपवावेत हेच त्यांना समजेना. मला दोघांचंही वाईट वाटलं.

उभ्या माणसाला माझी खालची पायरी दिसत नाही. खुर्चीत बसलेल्याला ती अगदी समोर येते. बाई पुढे वाकल्या, पानं बाजूला सारली.

''आपली खोली राहिली की!''

''गुडघे वाकले नाहीत गं,'' मालक खालच्या मानेने म्हणाले.

बाई हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदा हसल्या. पिवळी शेवंती त्यांनी खाली मागवून घेतली, स्वतःच्या हाताने सरकवली आणि मग म्हणाल्या, आता काहीतरी खायला द्या.

त्याच आठवड्यात मालकांनी खुर्चीसाठी दाराशी उतार करून घेतला आणि त्याचा कठडा स्वतः हिरवा रंगवला. रंगवताना नेहमीसारखा एक थेंब उडाला, थेट माझ्या पांढऱ्या पायरीवर. मालकांचा हात सवयीने फडक्याकडे गेला. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. धूळ झटका, खिळे ठोका. पण डाग पुसण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा, हा कशाचा म्हणून. यंदा बाई काठी टेकत अंगणात येतात आणि हिरव्या थेंबाशेजारी कुठलं फूल शोभेल याची चर्चा चालू आहे. अजून ठरलेलं नाही. कधी आलात तर बघा, हवा तर हात लावून बघा. फक्त नखाने खरवडू नका.