मानकर सरांचं दुसरं वाक्य

परळची आमची गल्ली मुंबईत होती, पण मुंबईला ती फारसं जुमानत नसे. एका टोकाला कॉलेज, दुसऱ्या टोकाला सुंदराबाईंची खानावळ आणि मधल्या दोन चाळींत प्रोफेसर, कारकून, गिरणीकामगार आणि पोटभाडेकरू विद्यार्थी. गिरणीचा भोंगा वाजे तो आठ तासांच्या कामासाठी. बाकीचं आयुष्य कॉलेजच्या घंटेवर चाले. न्हावी टर्म सुरू झाली की दुकान उघडं ठेवी आणि सुट्टीत गावी जाई. मार्चमध्ये परीक्षा मुलांची असे आणि जुलाब गल्लीला होत.

या गल्लीत अच्युत मानकर तर्कशास्त्र शिकवत. माणूस जुन्या प्रभू घराण्यातला. आजोबांच्या मालकीची गिरगावात घरं होती. नातवाच्या मालकीची एक छत्री होती. वर्गात विद्यार्थी सात. नोकरी हंगामी, त्या वर्षी कायम होण्याची पाळी होती. एकदा कायम झालं की सुमेधावहिनी भाड्याची खोली सोडून दोन खोल्यांचं बिऱ्हाड बघणार होत्या. गल्लीत सर्वांना हे ठाऊक होतं, कारण आमच्या चाळीतल्या भिंती फक्त दिसायला भिंती होत्या.

आणि त्याच वर्षी, म्हणजे छप्पन्न साली, मानकर तुरुंगात गेले.

झालं ते असं. मानकरांची बहीण बेबी अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहत असे. वहिनींनी तिच्यासाठी कोलंबीचं भानोलं केलं होतं. ते पितळी डब्यात घेऊन मानकर बसस्टॉपवर गेले. तिथे रांग होती. मुंबईचा माणूस रांग दिसली की आधी उभा राहतो आणि मग कशाची ते विचारतो. मानकर विचारतही नसत. ते पुस्तक उघडून उभे राहिले. रांग होती संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहींची. पुढारी यायचा होता म्हणून घोषणा अजून सुरू झाल्या नव्हत्या, आणि आपली माणसं अटक करून घ्यायलाही शिस्तीत उभी राहतात, हा या शहराचा मोठेपणा आहे. गाडी आली. पुढचे चढले, मानकर चढले. गाडी निळी आहे आणि तिला जाळी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. बेस्टने काहीतरी सुधारणा केली असेल, असं त्यांना वाटलं.

पंधरा दिवसांची शिक्षा झाली.

आत असताना त्यांनी तर्कशास्त्राचे तास घेतले. ही बातमी आम्हाला लवू परबने आणली. लवू डिलाईल रोडचा, मूळ मालवणचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला. तोही त्याच गाडीत होता. सुंदराबाईंच्या खानावळीत तो हे तास हातवारे करून सांगे.

"सर म्हणाले, सगळी माणसां मरतत. मी विचारलंय, मगे सरकार? तर म्हणाले, लवूभाऊ, सरकार माणूस नाही. मी म्हटलंय, तांच तर म्हणतंय मी!"

सुटून आले त्या दिवशी गल्लीने मानकरांना हारात बुडवलं. लेझीम झालं. एकाने भाषणात सांगितलं, की बाकीचे सत्याग्रही नुसतेच गेले, आमचे सर मात्र डबा घेऊन गेले. याला म्हणतात तयारी. हार बाजूला सारून मानकर म्हणाले,

"मंडळी, मी त्या रांगेत चुकून उभा राहिलो. पण—"

एवढ्यावर टाळ्यांचा कडकडाट. केवढा हा विनय! "पण"च्या पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. त्यांनी न्हाव्याकडे प्रयत्न केला, वाचनालयात केला, माझ्याकडेही केला. पहिलं वाक्य होईपर्यंत आम्ही हसायला लागायचो, आणि दुसऱ्याच्या आत पाठीवर थाप मारून चहा मागवायचो. आमच्या गल्लीत व्याख्यानं फार होत. त्यामुळे पुढचा काय म्हणणार हे आधीच ठाऊक असण्याची सवय लागली होती.

फक्त कॉलेजच्या चेअरमनना विनय दिसला नाही. त्यांना पहिलं वाक्य तेवढं आवडलं. त्यांची ऊठबस मंत्र्यांमध्ये होती, आणि आपल्या कॉलेजचा प्रोफेसर तुरुंगात जातो हे त्यांना तिथे सांगता येत नव्हतं. चुकून गेला, हे मात्र सांगता येत होतं. त्यांनी प्रिन्सिपॉलना निरोप दिला: स्नेहसंमेलनात, सगळ्यांसमोर, मानकरांनी ते वाक्य बोलावं. संमेलनानंतर कायम करू.

प्रिन्सिपॉल सज्जन होते, म्हणजे कोणालाच नाही म्हणत नसत. त्यांनी मानकरांना केबिनमध्ये बोलावलं. मीही त्याच कॉलेजात नोकरीला, म्हणून तिथे होतो. माझ्या रजेचा प्रश्न होता.

"मानकर, तुम्ही सगळ्या गल्लीला सांगताच आहात ना, की चुकून गेलो म्हणून?"

"हो सर."

"ते खरं आहे?"

"खरं आहे."

"मग झालं तर! खरं तेच बोलायचंय. एक वाक्य बोला आणि खाली बसा."

"एकच?"

"एकच. आपल्याकडे वाक्य आवरणारे लोक फार कमी आहेत हो," प्रिन्सिपॉल कळवळून म्हणाले.

त्या संध्याकाळी आमच्या भिंतीपलीकडे, मानकरांकडे, पोळ्या लाटण्याचा आवाज जरा जास्त येत होता.

"बोला आणि बसा," सुमेधावहिनी म्हणाल्या. "दुसरं वाक्य मला सांगितलंत, तेवढं पुरे."

"अगं, पण पहिल्यावर थांबलो तर ते खोटं होतं."

"खरं वाक्य खोटं कसं होईल? तुम्हीच शिकवता ना?"

"एकटं सोडलं की होतं."

लाटणं थांबलं.

"मी इथे आठ वर्षं एकटी या एका खोलीशी भांडतेय, अहो. ते नाही कधी तुमच्या पुस्तकात येत."

आम्ही भिंतीपासून जरा लांब सरकलो.

संमेलनाला हॉल भरला होता. गल्ली झाडून आली होती. लवूही पहिली पाळी संपवून, केसांत कापूस घेऊन मागे उभा होता. चेअरमन पुढच्या कोचावर. स्वागतगीत झालं, अहवाल झाला, त्यात मागच्या अहवालाबद्दल आभार झाले. मग प्रिन्सिपॉलनी घाम पुसत मानकरांचं नाव पुकारलं.

मानकर उभे राहिले. वर्गात उभे राहत तसेच, टेबलाला एक बोट लावून.

"मी त्या रांगेत चुकून उभा राहिलो," ते म्हणाले.

हॉल हसला. चेअरमननी मान डोलावली आणि शेजारच्यांकडे पाहिलं. प्रिन्सिपॉल टाळ्या वाजवायला हात वर करणार, एवढ्यात मानकरांनी टेबलावरचं बोट उचललं. पोरं गप्प झाली. वर्गात त्या बोटाची सवय होती. पोरं गप्प झाली म्हणून गल्ली गप्प झाली; हे पहिल्यांदाच घडत होतं.

"गाडी सुटण्यापूर्वी इन्स्पेक्टरनी मला ओळखलं. ते आपल्याच कॉलेजचे, तर्कशास्त्रात दोनदा नापास झालेले. ते म्हणाले, सर, तुम्ही चुकून आलात, उतरा, घरी जा. त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. तोवर मी गाडीतल्या शेजाऱ्यांना ते का आले हे विचारलं होतं. परबांनी मला बसायला जागा केली होती आणि कारण सांगितलं होतं. ते मी तपासलं. त्यात मला दोष सापडला नाही. म्हणून मी उतरलो नाही. चूक झाली ती बसच्या रांगेपुरती. तिच्याबद्दल मी बेबीची माफी मागितली आहे. तिचं भानोलं गाडीतल्यांनी खाल्लं."

आणि ते खाली बसले.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. मागून फक्त लवूचा आवाज आला, "कोलंबी मस्त होती, वहिनी!" बायकांच्या बाजूला सुमेधावहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, ते माझ्या जागेवरून दिसलं नाही. मग हॉल उठला. चेअरमनही उठले, पण ते दाराकडे गेले.

मानकर कायम झाले नाहीत. नव्या टर्मपासून त्यांची गरज नाही, असं कळवण्यात आलं. तर्कशास्त्राचा तास शारीरिक शिक्षणाच्या मास्तरांकडे गेला. गल्लीने निषेधाची सभा घेतली. सभेत अध्यक्ष कोणी व्हावं यावर इतकी चर्चा झाली की निषेध राहूनच गेला. पण वर्गातल्या सातही पोरांनी सभा घेतली नाही. ती सुंदराबाईंकडे गेली.

"दुपारच्या पंगतीनंतर जागा रिकामी असते," सुंदराबाई म्हणाल्या. "शिकवा. पाट उचलायचे नाहीत आणि चुलीकडे थुंकायचं नाही. बाकी काय सत्य-असत्य असेल ते तुमचं तुम्ही बघा."

परीक्षेपर्यंत तास तिथे झाला. दुसऱ्या पाळीची माणसं जाताना दारात थांबत. सुमेधावहिनी तक्रार न करता, म्हणजे रोज एक नवी तक्रार घेऊन, सुंदराबाईंना भाजी चिरून देत. एकदा मी डोकावलो, तेव्हा मानकर फळ्याऐवजी उपड्या परातीवर खडूने वर्तुळं काढत होते आणि सात पोरं, दोन गिरणीकामगार आणि वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या.

"समजलं?" मानकरांनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा सांगा. आणि सावकाश. कोणी मध्ये बोलणार नाही."